आधी जागा बघू

मंचर,
ता. ६ फेब्रुवारी १९९९

चि. आशास आप्पाचा आशीर्वाद.

हौशीराम वाण्याच्या दुकानात गुळाच्या ढेपेवर कागद ठेवून लिहितो आहे, तेव्हा अक्षर हललेलं दिसेल. चौथीत शाळा सुटली, पण लिहायला बसलं की गुरुजी मागे उभे असल्यासारखा हात अजून भितो.

आळेफाट्याहून आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं की, कुंडलिकशेठच्या शेडवर कांदा निवडणाऱ्या बायांनी काम बंद ठेवलं आहे आणि सगळ्यांच्या पुढे तू आहेस. हे खरं का? खरं असेल तर तुला काय दुर्बुद्धी सुचली? जावई काही म्हणाले नाहीत का?

आपला वाडा, म्हणजे पाचही बिऱ्हाडं आणि सगळी मेंढरं, या घडीला कुठे बसला आहे ठाऊक आहे ना? त्याच कुंडलिकशेठच्या रानात. कांदा काढून रान मोकळं झालं, म्हणून खतासाठी त्याने मेंढरं बसवायला बोलावलं. विहीर जवळ आहे, पात पडलेली आहे. मेंढ्या विताहेत. काही कोकरं अजून पायावर नीट उभी राहत नाहीत. आजूबाजूला सगळा ऊस आणि उसात बिबट्या. मागच्या आठवड्यात अवसरीच्या एकाचं कुत्रं साखळीसकट गेलं. एवढ्या टापूत उघडं रान म्हणून हेच. इथून उठवलं तर मी ही लेकुरवाळी मेंढरं घेऊन कुठे जाऊ?

तुझ्या आईच्या गुडघ्याने पुन्हा उचल खाल्ली आहे. दत्ता म्हणतो, आप्पा उगाच काळजी करतात. त्याला काय, तो तरुण आहे. त्याची सरुबाई तर त्याच्या वरची. परवा पेठेला एका पाटलाचं रान बघायला गेलो होतो. रान सोन्यासारखं. आपल्या सूनबाईंनी बाभळीचा एक काटा उचलला आणि म्हणाल्या, "जागा पसंत न्हाई." झालं! एक बिऱ्हाड नाही म्हणालं की पाचही उठणार, ही आपली जुनी खोड. पाटील म्हणाला, "पावणं, रान बघायला आलाय का नवरी?" मी रस्ताभर सुनेला बोलत आलो.

तर तू ऐक. बाकीच्या बायांचं बाकीच्या बघतील. तू एकटी शेठला भेट, दोन शब्द नरमाईने बोल आणि कामावर जा. मोठ्या माणसाशी वाकडं घेऊन आपलं चालत नाही.

उत्तर हौशीरामच्या दुकानावरच पाठव. तो वाचत नाही, निदान तसं म्हणतो तरी.

तुझा आप्पा
बहिरू

•

आळेफाटा,
ता. ११ फेब्रुवारी १९९९

ती. आप्पांना आशाचा नमस्कार.

पत्र पोचलं. ट्रकवाल्याने सांगितलं ते खरं आहे. फक्त पुढे मी एकटी नाही, शेडवरच्या सगळ्या बाया आहेत. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला पोती अंथरून बसतो. निम्म्या बाया पाळीपाळीने बाहेर गहू काढायला, टोमॅटो तोडायला जातात आणि त्या जे आणतील त्यावर सगळ्यांच्या चुली पेटतात. तुमच्या जावयांचं म्हणाल, तर त्यांनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पोती आणून टाकली.

हे कशावरून झालं ते तुम्हाला ट्रकवाल्याने सांगितलं नसेल. शेडवर रोज सकाळी आम्ही फाटकाबाहेर उभ्या राहतो. मुकादम संपत येतो आणि बोट दाखवतो. तू ये, तू ये, तू घरी जा. कशावरून निवडतो, त्याचं त्याला ठाऊक. आम्ही दिवसभर कांदे निवडणार आणि आम्हाला सकाळी हा निवडणार. ज्या बाईने आदल्या दिवशी तोंड उघडलं, ती दुसऱ्या दिवशी डागी कांदा.

साळुबाई तुम्हाला आठवत असेल, माझ्या लग्नात मांडवात बसून हसून हसून पडली होती ती. त्या शेडवर सगळ्यांत जुनी तीच. तिने संपतला एवढंच म्हटलं होतं, की प्यायचं पाणी समोरच्या गॅरेजमधून मागून आणावं लागतं, हायवे ओलांडताना एखादी मरेल, फाटकाच्या आत एक टाकी ठेवा. दुसऱ्या दिवशी संपतचं बोट तिच्यापाशी थांबलं.

"साळुबाई, तू घरी जा. तुझा हात आता चालंना."

"हात चालतोय रं," ती म्हणाली, "तोंड चालतंय, ते तुला सोसंना."

आम्ही आत निघालेल्या बाया जागच्या जागी थांबलो. कोणी ठरवलं नव्हतं, आप्पा. पण मागे फिरून बघितलं तर कोणीच आत गेलेली नव्हती.

आता आमचं म्हणणं एवढंच आहे. बोट दाखवणं बंद. जेवढ्या बाया शेडच्या आहेत तेवढ्या आत, नाहीतर एकही नाही. सगळ्यांना एक मजुरी. पाणी आणि सावली. आणि यातलं काहीही शेठला बोलायचं असेल तर त्याने सगळ्यांसमोर बोलावं.

तुम्ही लिहिता, एकटी जाऊन भेट. त्याचा निरोप मला तीनदा आला. एकटी ये, तुला मुकादमीण करतो. आप्पा, खतासाठी मेंढरं बसवताना तुम्ही शेतकऱ्याला एकेका बिऱ्हाडाशी बोलू देता का? चांडोलीच्या एकाने दत्ताला बाजूला घेऊन "तुझी तेवढी बसव, तुला जास्त देतो" म्हटलं, तेव्हा काठी कोणी आपटली होती? मी लहान होते, पण काठीचा आवाज माझ्या कानात आहे. "आमच्यात एकट्याचा सौदा होत न्हाई," हे कोण ओरडलं होतं?

ते माझे आप्पाच होते ना? मग गुळाच्या ढेपेवर बसून पत्र कोण लिहितंय?

आईच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधा. कोकरांना माझा पापा.

तुमची
आशा

•

मंचर,
ता. १७ फेब्रुवारी १९९९

चि. आशास आशीर्वाद.

ढेपेवर बसून नाही, ढेपेवर कागद ठेवून लिहिलं होतं. उगाच वाकडा अर्थ काढू नकोस.

चांडोलीची गोष्ट वेगळी. तेव्हा माझे गुडघे धड होते आणि पलीकडे दुसरी दहा रानं रिकामी होती. रिकामं रान पाठीशी असलं की कोणालाही काठी आपटता येते.

शिवरात्रीला आम्ही भीमाशंकरला गेलो नाही. मेंढरं सोडून जायचं कसं? नेमके त्याच दिवशी शेठ जीपमधून रानात आले. सोबत पेढे. मी तर घाबरूनच गेलो, म्हटलं आता उठवतात. पण बाजेवर बसले, कोकरू मांडीवर घेतलं. तुझं नावही काढलं नाही. म्हणाले, "बहिरूबुवा, आळेफाट्याचा कांदा मी इकडं मंचरच्या शेडला आणतोय. रांगडा कांदा, टिकत न्हाई, मोड यायला लागलेत. तुमच्या वाड्यातल्या बाया द्या निवडायला. पाडव्यापर्यंत काय, मिरगापर्यंत रानात बसा. कोण उठवतंय तुम्हाला?"

मिरगापर्यंत! तोवर कोकरं मोठी होतील, आई वळवाच्या आधी नीट चालायला लागेल.

मी येतो म्हणालो. परवा टेम्पो येणार आहे.

तू रागावशील. रागाव. रागावलेल्या लेकीपेक्षा बिबट्याने ओढलेलं कोकरू मला जास्त जवळून दिसतं. आणखीही एक आहे, पण ते लिहीत नाही, कारण माझंच अजून ठरत नाही.

पाण्याला हायवे ओलांडताना दोन्हीकडे बघत जा.

आप्पा

•

आळेफाटा,
ता. २२ फेब्रुवारी १९९९

आप्पा,

टेम्पोचा ड्रायव्हर पप्पू इथला आहे. त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत सांगितलं. सरुवहिनी पुढच्या सीटवर बसली, आई मागे, बाकीच्या बाया उभ्या. तुम्ही फेटा बांधून टेम्पोच्या फळीला धरून. म्हणाला, "वरातीसारखा गेला की राव तुझा वाडा, शेठच्या शेडात." तो पुढेही काही सांगत होता. मी ऐकायला थांबले नाही.

मी पोत्यावर परत येऊन बसले. साळुबाईने तिच्या भाकरीतली अर्धी माझ्यापुढे सरकवली. ती मी तशीच पदरात बांधून ठेवली.

ज्या कांद्यासाठी आम्ही उन्हात बसलो आहोत, तो माझी आई निवडणार. संपत बोट दाखवणार आणि माझी आई आत जाणार.

शेठचा काल निरोप आला. "तुझ्या बापाला कळतं ते तुला कळंना का?" मी त्याला कळवलं, की बाप बापाच्या जागी आणि आम्ही आमच्या. इथून उठणार नाही. एकटी उरले तरी नाही.

साळुबाई म्हणते, बापाला असं लिहू नये. मी लिहिते. तुमच्या वाड्यावर पाय ठेवायला मला आता जड जाईल.

आशा

•

कळंबच्या अलीकडे, उसाच्या कडेला,
ता. २५ फेब्रुवारी १९९९

चि. आशास,

पत्राचा मायना बघूनच हौशीरामला कळलं. म्हणाला, "बहिरूबुवा, यात आशीर्वाद-नमस्कार कायच न्हाई, आधी पाणी प्या." म्हणजे तो वाचतोच.

पत्ता बघ. आम्ही आता शेठच्या रानात नाही.

तुला चहाच्या टपरीवर थांबता आलं असतं तर पप्पूने पुढचंही सांगितलं असतं. पण तू माझ्यावरच गेलीस, अर्धं ऐकून घाबरायचं. फरक एवढाच की मी घाबरलो की पाया पडतो आणि तू घाबरलीस की भांडतेस.

मी शेठला येतो म्हणालो, ते खरं. पण म्हणताना हेही म्हणालो होतो, "आधी जागा बघू." शेठ हसले. "बघा की, जागा तुमचीच हाय." त्यांना वाटलं, ही आपली म्हाताऱ्याची बोलायची रीत. गावाकडच्या घराण्यातला माणूस, पण मेंढरं बसवायचं सगळं गडी बघतात, त्यांना काय ठाऊक? पण तू वाड्यात जन्मलीस, आशा. जागा बघायला वाडा निघाला की फेटा बांधून, सगळी माणसं घेऊनच निघतो. बघायला जाणं म्हणजे बसायला जाणं नव्हे, हे तुला कोणी सांगायला हवं होतं का? लग्न होऊन बागायतीत गेलीस आणि विसरलीस.

आता खोटं लिहीत नाही. टेम्पोत मी मनात म्हणत होतो, खंडेराया, जागा चांगली निघू दे. सरुबाईला काटा सापडू नये.

शेडवर पोचलो. संपत तिथेच होता, आळेफाट्याहून आणलेला. त्याने माझ्यासाठी खुर्ची मांडली. "कारभारी, तुमी हितं निवांत बसा. बाया लागतील कामाला." खुर्ची हातांची होती. माझे गुडघे दुखत होते. मी बसायला वाकलो, तेवढ्यात त्याने बायांकडे बोट केलं.

"तू ये. तू ये. तू पण ये. ही म्हातारी नको."

म्हातारी म्हणजे तुझी आई.

तुझ्या आईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, दुसरी कोण म्हातारी आली आहे का म्हणून. मग म्हणाली, "मला म्हनतोय व्हय ह्यो? आरं, तुज्या शेठच्या बापाच्या रानात मी मेंढरं बसवलीत, तवा तू पाळन्यात बी नव्हतास!"

"आजे, ह्या कामाला डोळं चांगलं लागत्यात. घरी जा."

मला तुझं पत्र आठवलं. साळुबाईपाशी थांबलेलं बोट आठवलं. कागदावर वाचताना ते एवढंसं वाटलं होतं. आपल्या माणसाकडे वळल्यावर केवढं असतं, ते तिथे दिसलं. मी वाकलेलाच राहिलो, खुर्चीत ना उभा.

सरुबाई पुढे झाली. ती रान बघते तसं तिने शेड बघितलं. पत्र्याखाली हात लावला, तापलेला. विचारलं, "पानी कुठंय?" संपत म्हणाला, पलीकडच्या पंपावर. "पोरं कुठं निजवायची?" म्हणाला, पोरं आणायची नाहीत. सरुबाईने मागे वळून पाचही बिऱ्हाडांच्या बायांकडे बघितलं आणि म्हणाली,

"जागा पसंत न्हाई."

या वेळेला मी तिला बोललो नाही. मी सरळ उभा राहिलो. सगळ्या बाया टेम्पोकडे फिरल्या. तेवढ्यात शेठची जीप आली. शेठ उतरले, त्यांना कळेना हे काय चाललंय. मी सांगितलं, "शेठ, आमी जागा बघितली. बसत न्हाई."

ते चिडले. "बहिरू, डोकं ठिकाणावर हाय का? त्या दिवशी रानात बाजेवर हो म्हनलास."

"जागा बघतो म्हनलो व्हतो."

"शब्दाचा खेळ करतोस? एकीनं मान हलवली की सगळ्या चालल्या! मेंढरं राखून राखून मेंढरंच झालात लेको."

आशा, आजपर्यंत मला कोणी मेंढरू म्हटलं की मी खाली बघत आलो. त्या दिवशी का कोण जाणे, मान खाली गेली नाही. काठी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

मी म्हणालो, "व्हय शेठ, मेंढरंच. कळपात ऱ्हातो. कळपातनं एकटं निवडून न्यायला दोघंच येत्यात. एक खाटीक आन् दुसरा बिबट्या. तुमी कोन, ते तुमीच ठरवा. बोलायचं असंल तर आळेफाट्याला जा. तिथं सगळ्या बसल्यात."

पप्पूने टेम्पो चालू केला आणि आम्हाला फुकट परत आणून सोडलं.

संध्याकाळच्या आत रान सोडायचा निरोप आला. कोकरं झोळ्यांत घालून घोड्यांवर बांधली. दोन उरली, ती तुझ्या आईने पदरात घेतली. आता उसाच्या कडेला बसलो आहोत. रात्री जाळ करतो आणि पाळीने जागतो. एक कोकरू गेलं. बिबट्याने नव्हे, थंडीने. तुझ्या आईला मी विचारलं, चूक केली का? ती म्हणाली, "त्या मेल्यानं मला म्हातारी म्हनलं, तवाच तुमी काठी हानायला पायजे व्हती."

मिरगापर्यंतचं रान गेलं. मला रोज काळजी वाटते. पण काळजी वाटणं निराळं आणि पस्तावणं निराळं. दुसरं होत नाही.

पाय ठेवायला जड जाईल म्हणतेस, तर नको ठेवूस. आम्हीच येऊ, जागा बघायला.

तुझा
आप्पा

•

आळेफाटा,
ता. १० मार्च १९९९

ती. आप्पांच्या पायांवर आशाचं डोकं. ते जड नाही.

तुमचं पत्र मी पोत्यावर बसून मोठ्याने वाचलं. कोकराचं वाचून साळुबाईने डोळ्याला पदर लावला, आणि आईने काठी हाणायला हवी होती म्हटल्याचं वाचून तोच पदर तोंडात कोंबला. माझ्या आधीच्या पत्राबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही त्याची सुरळी करून जाळात घाला, कोकरांना ऊब तरी मिळेल.

तुम्ही गेल्यावर मंचरच्या शेडला दुसरी माणसं मिळेनात. पप्पूने तुमची गोष्ट सगळ्या टपऱ्यांवर वाटली होती. खाटीक आणि बिबट्या आता इथे सगळ्यांच्या तोंडी आहेत. संपत रस्त्याने जाताना पोरंसुद्धा गुरगुरतात.

होळीनंतर शेठचा निरोप आला. आत ऑफिसात या, चर्चा करू, एकीने या. आम्ही कळवलं, ऑफिसात सगळ्या मावत असतील तर येतो. मग म्हणाले, दोघी या. आम्ही म्हटलं, सगळ्या. पुढचे दोन दिवस गप्प. वाऱ्यावर कांद्याचा सडका वास यायला लागला होता. तिसऱ्या दिवशी फाटक उघडलं आणि शेठ स्वतः बाहेर आले. मागून संपत खुर्ची घेऊन. खुर्ची पोत्यासमोर ठेवली, शेठ बसले. साळुबाई म्हणाली, "शेठ, तुमी वर, आमी खाली, मान दुखती ओ बोलाया." शेठ उठले, खुर्ची बाजूला केली आणि पोत्याच्या टोकावर टेकले. चड्डीतल्या पोरासारखे अवघडले होते. मला एकदम त्यांची कीव आली. पण मी ती दाखवली नाही.

तिथे दुपारपर्यंत बोलणं झालं. ते माझ्याकडे बघून बोलायचे आणि उत्तर दुसरीच बाई द्यायची. हे आम्ही आधी ठरवलं होतं.

सगळं मिळालं नाही, आप्पा. मजुरी मागितली तेवढी वाढली नाही. संपतला ठेवणारच म्हणाले. पण संपतचं बोट गेलं. फाटक उघडलं की सगळ्या आत. म्हाताऱ्या बायांना भरणीच्या पोत्यांची तोंडं शिवायचं काम, मजुरी तीच. पाण्याची टाकी फाटकाच्या आत आली आहे. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं आहे. आणि इथून पुढे काही बोलायचं झालं तर शेठने पाच बायांशी बोलायचं, त्या पाचजणी दर पोळ्याला बदलायच्या. लिहून घेतलं, सगळ्यांनी अंगठे आणि सह्या केल्या. शेठ सही करताना म्हणाले, "तुझा बाप भित्रा म्हनून ऐकलं व्हतं मी."

मी म्हटलं, "हाय की. लई भित्रा हाय."

काल सकाळी साळुबाई सगळ्यांच्या पुढे आत गेली. टाकीचं पहिलं पाणी प्यायली, चूळ भरून संपतच्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, "गोड हाय."

वाडा कुठे आहे ते कळवा. पाडव्याला येते आहे, पुरणपोळ्या घेऊन.

तुमची
आशा

•

कळंब,
ता. १४ मार्च १९९९

चि. आशास आप्पाचा आशीर्वाद.

पुरणपोळ्या जपून आण, एसटीत वर ठेवू नकोस. आई म्हणते, उन्हाचं तूप पातळ होतं. शेडवरून सुट्टी विचारून ये, नाहीतर नव्याने भांडण व्हायचं. कागद लिहून दिला आहे खरा, पण मोठ्या माणसाचं मन पावसासारखं असतं. टाकीचं पाणी रोज भरतात का, त्यावर लक्ष ठेव. मला झोप नाही.

काल इथल्या एका बागायतदाराचा गडी आला होता. द्राक्षबाग मोडून रान मोकळं केलं आहे, मेंढरं बसवायची आहेत. उघडं रान, ऊस लांब, विहिरीला पाणी. मी मनात खंडेरायाला हात जोडले. गडी म्हणाला, "मालकानं सांगितलंय, तुमी एकटेच या बंगल्यावर, बोलून घेऊ."

दत्ताने माझ्याकडे बघितलं. सरुबाईने बघितलं. तुझी आई कोकराला बाटलीने दूध पाजत होती, तिने बघितलंसुद्धा नाही. नुसती हसली.

मी गड्याला म्हणालो, "मालकांना सांग, उद्या येतो. आमी सगळी येतो. सतरंजी मोठी टाका म्हनावं. आन् आधी जागा बघू."

आप्पा